काय राहिलं ते सांग

‘सगळं ओके’ हे दोन शब्द ज्याच्या तोंडून निघाले, त्याची काकांपुढे धडगत नसे.

मुरबाडच्या जीप स्टँडवर त्यांनी तीसेक वर्षं नंबर लावले. कल्याणची कुठली जीप आधी भरायची, कुठली मागे थांबायची, धसईची कधी सुटायची, हे सगळं तेच ठरवत. जीप भरली की ड्रायव्हरच्या खिडकीत वाकून ते एकच विचारत, "काय राहिलं?" ड्रायव्हर म्हणाला, "स्टेपनीत हवा कमी हाय," तर जीप सुटे. म्हणाला, "हॉर्न बसलाय," तरी सुटे. पण "सगळं ओके काका" म्हणाला की काकांचं बोट मागे जाई आणि त्या बिचाऱ्याला रांगेच्या शेवटी जाऊन लागावं लागे. प्रवासी ओरडत, ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात शिव्या देत. काका गळ्यातला मफलर सारखा करत आणि पुढच्या खिडकीत वाकत. मफलर बारा महिने असे. मे महिन्यातही.

"ज्याचं काय राहिलं नाय असा मानूस मी अजून बघितला नाय," ते म्हणत. "जीप तर लांबची गोष्ट."

हेच काका पुढे आमच्या ऑफिसात सात एजंटांचे मुकादम झाले. हे मी पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

मी मूळची धसईची. पुण्यात चार वर्षं नोकरी करून कंटाळून परत आले आणि शहापूरच्या समीरबरोबर, म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मित्राबरोबर, मुरबाडला मोबाइलची ॲपं बनवायचं ऑफिस काढलं. ऑफिस म्हणजे स्टँडसमोरच्या सिमेंट-पत्र्याच्या दुकानावरची एक खोली. माणसं आम्ही दोघंच. बाकी एजंट. एजंट म्हटलं की आमच्याकडे लोकांना एक तर विम्याचा आठवतो, नाही तर जमिनीचा. आमचे एजंट हाडामांसाचे नव्हते. ते संगणकातले कामकरी. काम सांगितलं की स्वतःच त्याचे तुकडे पाडायचे, कोड लिहायचा, तपासायचा आणि शेवटी अहवाल द्यायचा. आम्ही दोघं उंटावरून शेळ्या हाकत बसायचो, आणि शेळ्या भलतीकडे गेल्या की एकमेकांवर ओरडायचो.

काका पहिल्यांदा वर आले ते भांडायला. त्यांचे गुडघे गेले होते आणि स्टँडवरचे नंबर आता मोबाइलच्या ग्रुपवर लागत होते, त्यामुळे त्यांना काम उरलं नव्हतं. तरी ते रोज यायचे आणि आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून स्टँडकडे बघायचे. आमच्या एसीचं पाणी बरोबर त्या पायरीवर ठिबकायचं. दारात उभे राहून त्यांनी ओला मफलर पिळला, आमच्याच फरशीवर. मग त्यांचं लक्ष समीरकडे गेलं. तो डोकं धरून बसला होता.

"काय झालं रे? कोन गेलं काय?"

समीर वैतागलेलाच होता. "दोघांना दोन कामं दिली काका. दोघांनी एकच फाइल उघडली. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं पुसलं. आणि दोघंही सांगतात, काम पूर्ण झालं."

"नंबर कोन लावतो त्यांचा?"

"नंबर? कोणी नाही. आपापले करतात."

काका हसले. पुढचे दात नव्हते, त्यामुळे ते हसले की लहान मूल हसल्यासारखे दिसत. "आपापले सोडले का दोन जीपा एकाच पासिंजरवर भांडतात. तीस वर्षं मी तिथं हवा खात बसलेलो काय?"

एवढं बोलून एसीचं भांडण विसरून ते खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर. काखेत स्टँडवरची नंबरवही. त्या वहीत अक्षर एक नव्हतं. काकांना अंक येत, अक्षरं येत नसत. एका जीपला एक खूण. कुणाला झाड, कुणाला विळा, कुणाला नुसतं गोल. खुणेपुढे नंबर, आणि त्यापुढे एक चौकोन. चौकोनात काय, असं मी विचारलं.

"त्याचं काय राहिलंय ते. चाकाचं असलं का चाक काढायचं, दिव्याचं असलं का दिवा. संध्याकाळी परत आला का मी विचारायचा, झालं काय ते?"

समीर ती वही बराच वेळ उलटून पालटून बघत राहिला. मग तो चहा न पिता कामाला बसला. चार दिवसांत त्याने एजंटांसाठी तशीच वही बनवली, संगणकातली. नावही तेच ठेवलं, नंबरवही. काम आधी वहीत पडायचं. एजंटाने नंबर घ्यायचा. एकाच्या हातात असलेल्या फाइलीला दुसऱ्याने बोट लावायचं नाही. काम संपलं की अहवाल, आणि अहवालात ‘काय राहिलं?’ हा रकाना भरल्याशिवाय काम मिटायचं नाही. रकाना कोरा सोडला किंवा ‘सर्व पूर्ण’ असं लिहिलं की एजंट रांगेच्या शेवटी. सगळ्यात शेवटी एक हिरवं बटण. ते दाबलं तरच नवं ॲप लोकांच्या फोनकडे निघणार. ते बटण समीरने कौतुकाने काकांच्या हातात दिलं, एका जुन्या टॅबवर. दुसरं बटण त्याच्याकडे होतंच.

काकांनी पडत्या फळाची आज्ञा समजून रोज यायला सुरुवात केली. एजंटांना त्यांनी नावं ठेवली. स्टँडवर ड्रायव्हरला कोणी नावाने हाक मारत नाही, तो ज्या गावाला जातो त्या गावाच्या नावाने मारतात. म्हणून ॲपचे पडदे रंगवणारा झाला धसई, माहिती साठवणारा सरळगाव, तपासणी करणारा टोकावडे. अहवाल संगणक मराठीत मोठ्याने वाचून दाखवी आणि काका स्टँडकडे तोंड करून ऐकत. पडद्याकडे ते कधी बघत नसत.

"ह्यो लय गोड बोलतो," सरळगावचा अहवाल ऐकून ते एकदा म्हणाले. "गोड बोलनारा डायवर चढावर गाडी बंद पाडतो. माझ्या अनुभवातली गोष्ट हाय."

एजंटही काही कमी नव्हते. रकाना कोरा ठेवला की मागे जावं लागतं हे कळल्यावर ते बारीकसारीक दोष शोधून लिहू लागले. बटणाचा निळा रंग किंचित गडद असू शकतो. समासात थोडी सुधारणा शक्य आहे. मला ते वाचून बरं वाटायचं, किती प्रामाणिक म्हणून. काकांनी दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी कपाळाला हात लावला.

"पोरी, हे आता आपल्याला भुलवतात गो. आमचे डायवर पन असंच कराचे. बिरेक नाय सांगायचा, हॉर्न सांगायचा."

दुपारी एक वाजला की म्हणत, "आता त्यांना थांबवा. जेवू द्या." समीरने त्यांना समजावलं की एजंटांना भूक लागत नाही. "त्यांना नसंल लागत," काका म्हणाले, "पन आपन भाकर खातांना त्यांच्यावर लक्ष कोन ठेवतो? तू?" तेव्हापासून एक ते दोन सगळं बंद. अमावास्येलाही बंद, पण त्याला मात्र काही कारण नव्हतं. नवी गाडी अमावास्येला सोडायची नाही म्हणजे नाही. समीरने एका गिऱ्हाइकाला ‘तांत्रिक कारण’ म्हणून सांगितलं आणि महिनाभर माझ्याशी त्यावरून कुरकुरत राहिला. काकी, म्हणजे काकांची बायको, कधी डबा घेऊन आली तर म्हणायची, "घरात पन तसाच हाय हा मानूस. जेवायला बसला का विचारतो, कालवनात काय राहिलं? मीठ राहिलंय बोल्ले का गप खातो. झकास झालंय बोल्ले का चाखून बघतो."

आणखी एक विचित्र गोष्ट होती. हजारो माणसं जीपमध्ये बसवणारा हा माणूस स्वतः कधी जीपमध्ये बसला नाही. बसमध्येही नाही. आपल्या वाडीवरून मुरबाडला चालत येई, चालत जाई. पौषात म्हशाच्या जत्रेला चालत जाऊन घोंगडी आणी. गुडघे गेल्यावरही. स्टँडवर त्याबद्दल नाना कथा होत्या. मी एकदा सरळच विचारलं. "जो नंबर लावतो त्यानं नंबरात बसू नये," ते म्हणाले आणि चहा मागवला. बिनसाखरेचा, बिनदुधाचा, इतका कडू की वासाने माझं तोंड वाकडं व्हायचं.

तर एक संस्था होती, उंबरमाळीच्या बाजूच्या पाड्यांवर मुलांच्या शाळेसाठी काम करणारी. तिथली पुष्कळ कुटुंबं भात कापून झालं की वीटभट्टीवर जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. मुलं आईबापांबरोबर जातात, इकडे शाळेच्या पटावरचं नाव कमी होतं आणि तिकडे कोणी दारात उभं करत नाही. म्हणून संस्थेची एक ताई निघायच्या आधी घरोघर जाऊन मुलांची नोंद करायची. नाव, बापाचं नाव, इयत्ता, कुठल्या भट्टीवर चालले, तिथला मुकादम कोण. त्या नोंदीवर भट्टीजवळच्या शाळेत मुलाला बसवून घेत. हे सगळं पूर्वी वहीत असे. आम्ही त्याचं ॲप बनवून दिलं. ‘आता वहीची गरज नाही’ असं आमच्याच पत्रकात छापलं होतं, तो मजकूर माझाच.

त्या ॲपमध्ये मुलाचा फोटो घ्यायची सोय हवी होती, दिवाळीनंतर लगेच. एजंटांनी पाच दिवसांत काम केलं. टोकावडेने अडीचशे वेळा तपासलं. सगळीकडे हिरव्या खुणा. सरळगावच्या रकान्यात लिहिलं होतं, फोटो उघडायला क्षणभर जास्त लागू शकतो. समीरने टॅब काकांपुढे सरकवला.

"दाबा काका. आज गेलं नाही तर वेळेत पोचत नाही."

काकांनी बोट उचललं आणि तसंच ठेवलं. "कुठल्या फोनवर चालवलं?"

"सहा प्रकारच्या फोनांवर. जुन्यासुद्धा."

"रिकामे का भरलेले?"

"म्हणजे?"

"फोनमंदी आधीची पोरं होती का? का नवा कोरा फोन?"

समीरने माझ्याकडे बघितलं. तपासणीचा प्रत्येक फोन कोराच असतो. तसंच करतात सगळे.

"रिकाम्या जीपचा बिरेक सगळ्यांचाच लागतो रे," काका म्हणाले. "गाडी गॅरेजमधून आली का मी तिच्यात भाताची पोती भरायला लावायचो. भरून उतारावर न्यायचो. मंग सोडायचो."

त्या दिवशी समीर त्यांना नको ते बोलला. तुमचं स्टँड नाही हे, म्हणाला. तुम्हाला वाचतासुद्धा येत नाही आणि आमचं काम अडवता, असंही म्हणाला. मला लाज वाटली, पण मीही मूग गिळून बसले, कारण मलाही उशीर नको होता. दुसरं बटण समीरकडे होतं. त्याने दाबलं असतं तर कोणी अडवणार नव्हतं. काका उठले, टॅब मफलरमध्ये गुंडाळला, काखेत धरला आणि दारात उभे राहिले.

"उंबरमाळीची ताई हाय ना, तिचा फोन भरलेला असंल. तिच्याकडं जाऊन बघतो. उद्या संध्याकाळी तुला बोलतो. तोपरयंत तू पन दाबू नको. एवढं माझं ऐक."

समीर मान खाली घालून बसला होता. तसाच म्हणाला, "उद्या संध्याकाळी सहापर्यंत."

"काका, चालत जाणार?" मी विचारलं.

"बसून जातो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक जादा फोन आणि लॅपटॉप घेऊन स्टँडवर गेले. काका शहापूरच्या जीपमध्ये पुढे बसलेले होते. समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली आणि डोळे मिटलेले. आख्खं स्टँड गोळा होऊन बघत होतं. ड्रायव्हर इतका गांगरला की कोणी न विचारताच सांगू लागला, "काका, उजवा इंडिकेटर नाय लागत. आनि मागचा एक टायर घासलाय." काकांनी डोळे न उघडता मान हलवली. शहापूरला दुसरी गाडी घेतली, फाट्यावर उतरून पाऊण तास चाललो. चालायला लागल्यावर त्यांचा चेहरा जरा सुटला.

ताई पंचविशीची, पाड्यावरचीच. अर्धी घरं बंद होती. कुडाच्या दारांना काट्या लावलेल्या. परवाच ट्रक येऊन गेला, ती म्हणाली. तिच्या तडा गेलेल्या फोनमध्ये चौऱ्याऐंशी मुलांची नोंद होती, आणि ती फक्त त्या फोनमध्येच होती. पाड्यावर रेंज नाही. रेंजसाठी खाली रस्त्यावर उतरावं लागतं, आणि उद्या ती उतरणारच होती, नोंदी पाठवायला.

"वही नाही ठेवली?" मी विचारलं.

"तुमीच बोल्लात ना, आता वही नको म्हनून."

मी तिच्या फोनमधलं सगळं लॅपटॉपवर काढून जादा फोनमध्ये भरलं. त्यावर जुनं ॲप उघडून दाखवलं, चौऱ्याऐंशी. मग त्याच फोनवर नवं ॲप चढवलं आणि उघडलं.

एकूण नोंदी शून्य.

ताईने तोंडावर हात ठेवला. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये मुलं शाबूत होती हे तिला दोनदा दाखवावं लागलं. पण आम्ही सगळेच समजलो होतो. काल बटण दाबलं असतं तर उद्या ती रस्त्यावर उतरल्यावर आधी नवं ॲप फोनमध्ये आलं असतं आणि पहिल्यांदा उघडतानाच सगळं पुसलं गेलं असतं. कुटुंबं निघून गेलेली. कोण कुठल्या भट्टीवर गेलं ते परत कोणाला विचारणार?

काका ओटीवर बसले होते. "कोनाकोनाची गेली असती गो? वाचून दाखव."

"सगळी?"

"सगळी."

ताई वाचू लागली. काका बोटांची पेरं मोजत होते. चौऱ्याऐंशी नावं वाचायला पुष्कळ वेळ लागतो. मध्ये एक कोंबडी ओटीवर चढली, तिला कोणी हाकललं नाही. वाचून संपलं. मग काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं नाव मास्तर दर साल पटावर घालायचा. पाऊस संपला, ट्रक आला, का नाव कमी. परत आलो का परत पयलीत. तीनदा पयलीत बसलो मी. मंग नाय गेलो. मला अजून गाडीत बसलो का वाटतं, चाललो भट्टीवर."

गंमत म्हणून मी त्यांना जीपवरून विचारलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

परतताना रेंज आल्यावर समीरला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि फक्त "बरं" म्हणाला. आम्ही पोचलो तेव्हा तो खाली जिन्यापाशी उभा होता. काकांच्या हाताला धरून त्याने त्यांना वर नेलं, चहा स्वतः आणला. एसीचं पाणी दुसरीकडे वळवणारी नळी त्याने त्याच आठवड्यात लावली, जी आम्ही वर्षभर लावणार लावणार म्हणत होतो.

चूक सरळगावची होती. फोटोसाठी जागा करताना त्याने जुनी साठवण साफ केली होती, आणि तसं आपल्या कामात एका ओळीत लिहूनही ठेवलं होतं. त्याने लपवलं नव्हतं. त्यात कोणी काही भरून ठेवलं असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. समीरने नंबरवहीत नवा नियम घातला, भरलेल्या फोनवर चालवल्याशिवाय काकांच्या टॅबवर बटण उमटायचंच नाही. ॲप उशिरा मिळालं म्हणून संस्थेची माणसं आठवडाभर रागावली होती. ताईने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, मग त्यांनी विषय काढला नाही.

पण भरायचं काय? खऱ्या मुलांची नावं आमच्याकडे ठेवायला संस्थेची मनाई होती, आणि ती योग्यच होती. म्हणून मी एजंटांना चौऱ्याऐंशी खोटी नावं तयार करायला सांगितली. टोकावडेने क्षणात केली. आरव, अनन्या, विहान. संगणकाने वाचून दाखवली तशी काका खुर्चीतून उठलेच.

"ही पोरं भट्टीवर जातात? ह्यांना वीट दाखवली का रडतील. लिही तू. मी सांगतो."

मी लिहायला बसले. बुध्या. सोमी. काळू, बापाचं नाव लाख्या. जानी, तिची धाकटी बहीण चिमी. ते स्टँडकडे बघत सांगत होते आणि मी टाइप करत होते. ही खोटी नावं नव्हती. त्यांच्या लहानपणी भट्टीवर बरोबर असलेली मुलं होती ती, साठ वर्षांपूर्वीची. कोणी विटा उलटायचं, कोणी चिखल तुडवायचं, तेही मधून मधून सांगत. बहुतेक आता हयात नव्हती. दोन दुपारी लागल्या. त्र्याऐंशीवर ते थांबले.

"एक कमी आहे काका."

"राहू दे."

"आठवत नाही?"

"आठवतंय. पन राहू दे. काय तरी राहिलेलं असावं."

तेव्हापासून टोकावडेचा अहवाल दर वेळी तसाच येई. भरलेल्या फोनवर चालवलं, त्र्याऐंशी नावं होती, त्र्याऐंशी टिकली. काय राहिलं? एक नाव राहिलं. हे ऐकलं की काका समाधानाने मान हलवत आणि बटण दाबत. आणखी दोन वर्षं ते येत राहिले. जीपमध्ये पुन्हा बसले नाहीत.

मागच्या पौषात चार दिवसांच्या तापाने ते गेले. म्हशाची जत्रा चालू होती, घोंगडी आणायची राहून गेली. स्टँडवर त्या दिवशी दुपारपर्यंत एकही जीप सुटली नाही. समीर वाडीवर आला आणि मागे उभा राहून लहान मुलासारखा रडला.

बाराव्यानंतर मी काकीकडे गेले. मला काकांचं नाव विचारायचं होतं. इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं, आणि हे सांगताना मला लाज वाटते. काकीने आधी नवऱ्याचं नाव घ्यायला आढेवेढे घेतले, मग सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. वाडीचं तर मला ठाऊकच होतं. "इयत्ता?" मी विचारलं. "पयलीच म्हनायची," ती म्हणाली.

ऑफिसात येऊन मी चौऱ्याऐंशीवी नोंद उघडली. नाव लिहिलं. बापाचं नाव लिहिलं. इयत्ता पहिली. शेवटी ॲप विचारतं, शाळा चालू आहे का? मी ‘हो’ केलं.

त्या आठवड्यात संस्थेला नवं ॲप द्यायचं होतं. टोकावडेचा अहवाल आला. पूर्वीसारखाच संगणकाला मोठ्याने वाचायला लावला, ऐकायला आम्ही दोघंच होतो. भरलेल्या फोनवर चालवलं, चौऱ्याऐंशी नावं होती, चौऱ्याऐंशी टिकली. काय राहिलं? बटण दाबायचं राहिलं आहे. समीरने टॅब माझ्याकडे सरकवला आणि मी दाबलं.

काकांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते जिथे असायला हवं तिथे आहे. ॲप त्यानंतर पुष्कळदा बदललं, पण पटावरून ते नाव अजून एकदाही कमी झालेलं नाही.